एका आळ्यात तीन

काकडीचं बी गेल्या आठवड्यात वर आलं. एका आळ्यात तीन बिया टाकल्या होत्या, आणि यंदा बियाणं चांगलं असावं, कारण बहुतेक आळ्यांत तिन्ही उगवल्या आहेत. आधी जाडसर दोन पानं फुटली, आज त्यांच्या मधून खरं, कातरलेलं पान डोकावतंय. म्हणजे चार-सहा दिवसांत विरळणी करायला हवी. तिनातली दोन जोमदार रोपं ठेवायची, तिसरं काढून टाकायचं. सांगायला इतकं सोपं काम मला शिकायला अख्खा हंगाम लागला. तेही भाजीच्या वर्गात पवार मॅडमनी शिकवलं तेव्हा आलं नाही, नंतर आलं.

शिमग्याआधीचे हे दिवस मला आवडतात. सकाळी मळ्यात उतरलं की पायाला दव लागतं आणि नऊ वाजेपर्यंत तेच पाय चटके खायला लागतात. वरच्या कातळावर गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, खाली परह्याचं पाणी दगडांतून वाट काढत बारीक वाहत असतं आणि मळ्यातल्या मातीला अजून ओल असते. कोकणात शेती म्हणजे भात, आणि भात कापलं की शेती संपली, असं मानणाऱ्यांत मीही होतो. त्यानंतरचे पाच महिने जमीन रिकामी असते हे पंचवीस वर्षं बाइकवरून मिरजोळ्याला जाता-येता पाहिलं होतं, पण त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलं नव्हतं.

मिरजोळ्याच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. माझ्या हाताखाली नट, बोल्ट, बेअरिंगं, पट्टे असायचे. स्टोअरकीपरचा धर्म एकच, काही टाकायचं नाही. आज निरुपयोगी वाटलेला वॉशर सहा महिन्यांनी रात्रपाळीची अब्रू राखतो. निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी भाषणात याच गुणाचं कौतुक केलं, आणि पुढे वाफ्यात याच गुणानं माझी फजिती केली.

तर तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या गणपतीत दादा मुंबईहून आला आणि आरती झाल्यावर ओटीवर बसून म्हणाला, "बाळू, मळा देऊन टाकूया. गिऱ्हाईक हाय. विहीर हाय म्हणून मागतोय."

दादा माझा थोरला भाऊ. जमीन दोघांच्या नावावर, मधली ताई लग्न होऊन खेडला गेली, तिनं हक्क सोडलेला. दादाची बाजू खोटी नव्हती. जन्मभर त्यानं काचेच्या कारखान्यात भट्टीसमोर काढला होता आणि नालासोपाऱ्याच्या एका खोलीत मुलाचं लग्न व्हायचं होतं. सून कुठं निजणार, असा त्याचा साधा प्रश्न. पण परह्याकाठचा तो मळा गेला की आपलं गावातलं पाऊल उचललं जाणार, हे मला आतून वाटत होतं. मी म्हटलं, "एक हंगाम दे. भाजी करून बघतो. शिमग्याला ये, मळा बघ, मग तू म्हणशील तसं." दादा हसला. मी आणि शेती, हे त्याला हसण्यासारखंच होतं. पण हो म्हणाला.

म्हणून मी वयाच्या साठीत वर्गात बसलो. बसलो म्हणणं चूक आहे, बसायला तिथं काही नव्हतंच. शहराबाहेर एका संस्थेच्या शेतावर, पहिल्यांदाच भाजी करणाऱ्यांसाठी दर गुरुवारी हा वर्ग भरायचा. फळा नाही, वही नाही. पहिल्याच दिवशी आम्हा अठरा जणांना एकेक वाफा नेमून दिला. जे शिकायचं ते त्या वाफ्यात, आणि जे बिघडेल तेही तिथंच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. शिकवायला पवार मॅडम. साताऱ्याकडच्या, तिशीच्या आतल्या, डोक्याला ओढणी घट्ट बांधून दिवसभर उन्हात उभ्या. त्यांच्या बोलण्यातला घाटावरचा ठसका आमच्या कानांना आधी भांडणासारखा वाटायचा. नंतर कळलं, ती त्यांची माया.

मॅडमना पहिल्या महिन्यातच आम्ही जे दाखवलं ते त्यांना कुठल्या पुस्तकात सापडलं नसणार. त्या दिवशी वांग्याची रोपं लावायची होती. रोपांचे ट्रे मांडून, अंतर समजावून त्या फोन घ्यायला शेडकडे गेल्या. परत आल्या तर आम्ही अठराही जण कमरेत वाकून, डाव्या हातात रोपांची मूठ धरून, ओळीनं उलटे चालत होतो. वाफ्यांत पाणी सोडून आधी चिखल करून घेतला होता, आणि त्या चिखलात अंगठ्यानं तीन-तीन, चार-चार रोपं एकत्र खोचत होतो. भात असंच लावतात. एकेक रोप कोण लावतो? तीन-चार काड्यांचा चूड करायचा, खोचायचा, मागं सरकायचं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. हात आपोआप चालले होते, लावणी बांधावरूनच पाहिलेल्या माझेसुद्धा, आणि एक बाई गुणगुणतही होती.

मॅडम बांधावर क्षणभर नुसत्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आवो, ही वांगी हायती! वांग्याला चिखल करून बुडवताय व्हय? आन् एका खड्ड्यात चार-चार, भाऊबंदकी लावताय का काय?"

आम्ही हसत सुटलो. मग दोन तास ती सगळी रोपं काढून, धुऊन, सुकल्या वाफ्यांत एकेक करून लावली. एकेक रोप लावताना मात्र सगळ्यांचेच चेहरे उतरले होते. इतक्या मोठ्या वाफ्यात ते एकटं रोप फार पोरकं दिसत होतं.

पुढचा धडा विरळणीचा. लाल माठ आणि मुळा दाट उगवले होते आणि मॅडमनी सांगितलं, वीतभर जागेत एवढी रोपं राहतील, बाकीची उपटा. मी खिशातून टेप काढला. अंतरं मोजली, काड्या रोवून खुणा केल्या, सगळं बिनचूक. मग पहिल्या रोपाला हात घातला आणि तो हात तसाच राहिला. रोपाला काही झालेलं नव्हतं. कीड नाही, रोग नाही, पानं ताजी. चांगल्या जिवंत रोपाला उपटून फेकायचं कोणत्या खात्याखाली? मी चार मरतुकडी शोधून काढली आणि उठलो.

माझ्या शेजारचा वाफा हाजराभाभींचा. किनाऱ्यावरच्या मोहल्ल्यातल्या, नवरा कुवेतहून परत आलेला, परसात काहीतरी करावं म्हणून आलेल्या. त्यांचा हात भराभर चालत होता, आणि उपटलेला माठ त्या टाकत नव्हत्या, ओच्यात भरत होत्या. आपला झाला, मग दुसऱ्यांचाही गोळा करायला लागल्या. "काका, टाकू नका वो कोणी. ह्यो कवळा पाला. जवळा घालून करतंव, पुढच्या गुरवारी डबा आनतंव." आणि आणलाही. सोबत तांदळाची भाकरी. शेडच्या सावलीत बसून सगळा वर्ग ते खात होता. मी खाल्लं नाही असं नाही. चवीनं खाल्लं. त्यात माझ्या वाफ्यातलं मात्र काही नव्हतं.

व्हायचं ते झालं. महिन्याभरानं मुळे उपटायचा दिवस आला. हाजराभाभींचे मुळे मनगटाएवढे, पांढरेशुभ्र. माझ्या वाफ्यात वर पाला इतका दाट की बघणाऱ्याला वाटावं, काय पीक आलंय, आणि खाली उंदराच्या शेपट्या. मॅडमनी एक शेपटी उचलून सगळ्यांना दाखवली. माझं नाव घेतलं नाही, पण वाफा कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. जाताना मला एकट्याला म्हणाल्या, "काका, तुमचा टेप लई भारी हाय. पन ज्याला उपटवत न्हाई त्यानं भातच लावावं." मला राग आला. इतका की पुढच्या गुरुवारी जाऊ नये असं मनात आलं. मुलीच्या वयाच्या बाईनं असं बोलावं हे एक, आणि ते खरं असावं हे दुसरं. तरी गेलो. शिमगा जवळ येत होता.

घरच्या मळ्यात त्यामानानं बरं चाललं होतं, आणि त्याचं गुपित मला जानेवारीत कळलं. गुरुवारी मी वर्गाला गेलो की आमची ही मळ्यात उतरून विरळणी करून ठेवायची. मी परत आलो की रांगा नेटक्या दिसायच्या आणि मी तिला कौतुकानं सांगायचो, बघ, अंतर बरोबर ठेवलं की कसं येतं. ती हो म्हणायची. एकदा मी लवकर परतलो आणि ती पदरात मुळ्याची रोपं घेऊन उभी सापडली. "तुमच्याच्यानं व्हायचं नाही," एवढंच म्हणाली. तिच्या जोरावर वाडीतल्या बाया सकाळी भाजीला आमच्या दारात यायला लागल्या होत्या. पालक, मुळा, माठ, वाल. भाजीसाठी शहरातून येणाऱ्या टेम्पोची वाट बघायची गरज उरली नव्हती, आणि मला ते दादाला दाखवायचं होतं. काकडीच्या आळ्यांना मात्र मी तिला हात लावू दिला नव्हता. ती मी स्वतः करणार होतो. उद्या करू, परवा करू, असं करत पंधरा दिवस गेले आणि प्रत्येक आळ्यात तीन-तीन वेल एकमेकांत गुंतायला लागले.

बाकी लावणी म्हटलं की मला दादा आठवतो. मी लहानपणी दम्याचा पोरगा. पावसात भिजलो की छाती भात्यासारखी वाजायची, म्हणून मला चिखलात उतरू देत नसत. डोक्यावर इरलं घेऊन मी बांधावर बसायचो आणि रोपांच्या मुठी फेकायचो. ताई घरी चूल बघायची. दादा लावायचा. तेराव्या-चौदाव्या वर्षी तो मोठ्या माणसांच्या बरोबरीनं रांग धरायचा आणि त्यांच्या आधी बांधाला पाठ लावायचा. आमच्याकडे एक रीत होती, अजूनही आहे. लावणी संपल्यावर रोपं उरली तर ती फेकायची नाहीत. ज्याची दाढ, म्हणजे पेरून वाढवलेली रोपं, कमी पडली असेल त्याच्या बांधावर मुठी ठेवून यायचं. न बोलता. ज्याला हव्या तो उचलतो. संध्याकाळी दादा त्या मुठी घेऊन जायचा आणि मी त्याच्या मागं मागं.

ज्या वर्षी त्याला पंधरावं लागलं त्या वर्षी भात कमी पिकलं. घरात तीन पोरं, आणि धान्य दिवाळीपासून होळीपर्यंत पुरेल एवढं. भाताची मळणी झाली आणि बाबांनी दादाला फाट्यावर नेऊन मुंबईच्या एसटीत बसवलं, चुलत्याच्या खोलीवर. मला फाट्यापर्यंत नेलं नव्हतं, दव पडत होतं म्हणून. पुढं त्याच्या मनीऑर्डरीवर मी शाळा शिकलो, औषधं खाल्ली, स्टोअरकीपर झालो. दादा का गेला, असा प्रश्न मला कधी पडला नाही. थोरला जातोच, अशी समजूत. सगळ्या वाडीत तसंच होतं.

शिमग्याला दादा आला. ग्रामदेवतेची पालखी घरी यायला अजून दोन दिवस होते. सकाळी चहा घेऊन तो म्हणाला, "चल, काय ता दाखव." बुटं ओटीवर काढून ठेवली आणि अनवाणी मळ्यात उतरला. मी पुढं होऊन सगळं दाखवत होतो. हा पालक, हा वाल, ह्या मिरच्या, इथून पाणी असं फिरवतो. तो हूं हूं करत होता. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. सगळं तर तिथंच ठरायचं होतं.

काकडीच्या आळ्यापाशी तो थांबला आणि उकिडवा बसला. "ह्यात तीन-तीन का ठेवलंस? दाटी व्हते."

म्हटलं, "काढायला हवंय. राहिलंय माझ्याकडनं. दोन ठेवायची, एक उपटायचं."

"कुठला उपटायचा?"

"बारीक असेल ते. जोमाचं असेल ते ठेवायचं."

दादानं पानं बाजूला केली. तिन्ही रोपांच्या देठांवरून बोट फिरवलं. मग मातीकडेच बघत म्हणाला, "बाबानं उलटा केलान रे. जोमाचा व्हता ता उपटलान, नि बारीक ठेवलान."

त्यानं ते रागानं म्हटलं नाही. मॅडम म्हणायच्या तशा आवाजात, पिकाबद्दल बोलावं तसं म्हटलं. जवळजवळ पन्नास वर्षं मी मळ्याच्या वरच्या घरात निजलो होतो, आणि हे मला कुणीतरी सांगावं लागलं होतं. मी म्हटलं, "दादा, मी मुंबईत जगलो नसतो म्हणून..." तो म्हणाला, "ता माहीत हाय मला. म्हणून तर गेलंव. बाबा चुकला असा कुठं म्हणतंय? तीन रवते तर तिन्ही मरते."

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. त्यानंही बघून न बघितल्यासारखं केलं नाही, खांद्यावरचा पंचा काढून दिला.

मग त्यानं माझ्या हातातलं खुरपं घेतलं. आळ्याच्या कडेनं हलकेच खोल घातलं आणि सगळ्यात बारीक रोप मातीच्या गोळ्यासकट वर काढलं. मॅडमनी शिकवलं होतं की वेलाच्या मुळाला हलवलेलं सोसत नाही, काढलेलं काढलेलंच. मी तसं सांगितलंही. दादानं ऐकलं आणि रोप घेऊन बांधावर गेला. तिथं मूठभर जागा उकरली, रोप लावलं, ओंजळीनं पाणी घातलं आणि वर कुड्याची फांदी खोचून सावली केली. मग दुसऱ्या आळ्याकडे वळला. दुसऱ्यापासून मी बरोबर बसलो. त्यानं सांगायचं आणि मी काढायचं. पहिली दोन रोपं काढताना त्याच्याकडे बघितलं, मग बघेनासा झालो. ऊन चढेपर्यंत मळ्यातल्या आळ्यांत दोन-दोन वेल मोकळे उभे होते आणि बांधावर काढलेल्यांची रांग लागली होती. उरलेल्या मुठी बांधावर ठेवायच्या, तशी.

दुपारी जेवताना दादा हिला म्हणाला, "मळा ऱ्हावूं दे गो. वरच्या कातळाचा बघूया." हिनं माझ्याकडे पाहिलं. मी वाटीतली काकडी तोंडात घातली. ती आमची नव्हती, शेजारच्यांनी दिलेली होती, पण मी ती सबंध जेवणभर पुरवली.

कातळावरचा आमचा रस्त्याकडचा तुकडा पुढच्या मेमध्ये दिला. त्यावर आजोबांनी लावलेली चार आंब्याची झाडं होती, ती गेली. दादाला दुसरी खोली झाली, पुतण्याचं लग्न झालं. वाईट वाटलं नाही असं नाही. अजूनही मोहोराच्या दिवसांत वर नजर जाते आणि तिथं आता कुंपणाची भिंत दिसते.

बांधावरच्या रोपांतली बरीच मेली. मॅडमचं शास्त्र खरं होतं. पण काही जगली. उशिरा फुलली, काकड्या थोड्या वाकड्या झाल्या, आणि अगदी मेच्या शेवटापर्यंत, जेव्हा मळ्यातले वेल वाळून गेले होते तेव्हा, ती देत राहिली. हिनं त्या रांगेला नाव ठेवलं, मुंबई. तेव्हापासून आमच्याकडे तेच म्हणतात. "मुंबईला पाणी घातलंत का?" "मुंबईतल्या दोन काकड्या आणा." पवार मॅडम एकदा मळा बघायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, ही बांधावरची काय भानगड? मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. वाकून एक वेल बघितला आणि म्हणाल्या, "लिवून ठेवा काका, किती जगतात." मी ठेवलेलं नाही. स्टोअर सोडलं तेव्हाच नोंदी सोडल्या.

दादा रविवारी फोन करतो. सुनेची, नातवाची खुशाली सांगतो आणि मग हमखास विचारतो, "मुंबईत काय?" मुंबईत बसून तो मला मुंबईची खबर विचारतो आणि मी सांगतो. अमका वेल धरला, तमक्याला मुंग्या लागल्या.

तर बी वर आलं, तसा काल मीच त्याला फोन केला. म्हटलं, यंदा तिन्ही-तिन्ही उगवलीयेत, विरळणी करायचीय, बांधावर मुंबईची जागा उकरून ठेवलीय. शिमग्याला येतोयस ना? तो म्हणाला, तिकीट काढलंय, जायचं तेवढंच, परतीचं काढलं नाही. खोली आता पोरांना पुरते, तुझ्या वहिनीलाही गावची हवा मानवेल. मग म्हणाला, "बाळू, एक आळा मोकळा ठेव माझ्यासाटी. बांधावर नको हां. मधल्या वळीत."

आज सकाळी उठून मधल्या ओळीत जागा केली आहे.